अळूचा शास्त्रोक्त वाफा

१६ ऑगस्ट १९९७, शनिवार

आजपासून डायरी लिहिणार. ऑफिसने व्हीआरएसच्या वेळी दिलेल्या डायऱ्या कपाटात कोऱ्या पडून आहेत. नासाडी मला आवडत नाही. दुसरं काही कारण नाही.

काल सोसायटीत स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव झाला. मधल्या हिरवळीत नवं कारंजं आणि त्याखाली तळं. सेक्रेटरी भसीन यांनी तळ्यात लाल मासे सोडले, मग त्याच हातांनी सगळ्यांना लाडू वाटले. मी लाडू खिशात ठेवला. नोएडात नळाला रोज पाणी येईल याची खात्री नाही, पण कारंजं आहे.

मागच्या दारचा वास असह्य झाला आहे. आम्ही तळमजल्यावर राहायला आलो तेव्हा इंदुमतीने प्लंबरला हाताशी धरून स्वयंपाकघरातल्या सिंकचं पाणी गटारात न सोडता भिंतीतून बाहेर काढलं, थेट अळूच्या वाफ्यात. तांदळाचं धुवण, ताकाची भांडी विसळलेलं पाणी, भाताची पेज, सगळं तिथे. आमच्या चिपळूणला मोरीच्या पाण्यावरच अळू वाढतं, असं तिचं म्हणणं. मी बीएस्सी अ‍ॅग्री. सगळी नोकरी खत कंपनीत. स्टेजवर उभा राहून शेतकऱ्यांना खतांचं शास्त्र सांगायचो, आणि माझ्याच घरात सांडपाण्यावरचं अळू. तिथे काळा, तेलकट, बुडबुडे येणारा चिखल असे. त्यात गांडुळं. मी मागचं दार उघडत नसे.

ती फेब्रुवारीत गेली. आता मी ठरवू शकतो.

२४ ऑगस्ट, रविवार

प्लंबर आला. सिंकचा पाइप गटाराला जोडून घेतला. वाफा उकरला. अर्धे कंद बुळबुळीत होते. हाताला वर्तमानपत्र गुंडाळून ते मीच भिंतीपलीकडे नाल्यात फेकले. मग दोनदा आंघोळ. उरलेले कंद दोरी धरून सरळ रांगेत लावले. प्रथमच तो वाफा वाफ्यासारखा दिसतो आहे.

दुपारी वैजयंतीचा फोन. ही इंदुमतीची धाकटी बहीण, लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहते. म्हणाली, भावोजी, माघात ताईचं वर्षश्राद्ध. पानात ताईच्याच वाफ्यातलं अळू हवं. माघात अख्ख्या दिल्लीत अळूचं पान मिळत नाही, थंडीने सगळं जळतं. फक्त ताईचं हिरवं राहतं. मी म्हणालो, निर्धास्त राहा, या वर्षी छत्रीएवढी पानं येतील, आणि स्वच्छ. ती म्हणाली, भावोजी, हात जोडते, त्या वाफ्याला तुम्ही हात लावू नका.

पाइपचं बोललो नाही. तसा विषय निघाला नाही.

ओट्यावर एका बरणीत चहाचा चोथा आहे. इंदुमती वाफ्यासाठी साठवायची. ही शेवटची बरणी अर्धी भरली होती. वर बुरशी आली आहे. किळस येते. उद्या टाकणार.

७ सप्टेंबर, रविवार

पानं पिवळी पडत आहेत. हे अपेक्षितच. इतकी वर्षं घाणीची सवय लागलेलं रोप स्वच्छतेला लगेच कसं सरावेल? आता नत्र देणार. जुन्या ऑफिसातून युरियाचं पोतं मागवलं. आयुष्यभर युरियावर बोललो, पण पोत्यात हात आज प्रथमच घातला. साबुदाण्यासारखा असतो. वास नाही, चिकटपणा नाही. सेहेचाळीस टक्के नत्र. मूठमूठ टाकलं आणि नळी लावून वाफा चांगला धुऊन काढला. पाणी उताराने हिरवळीकडे वाहून गेलं. निचरा उत्तम आहे.

बरणी राहिली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

विजय. पानं काळीभोर हिरवी. वैजयंतीला मुद्दाम फोन करून सांगितलं. म्हणाली, एवढ्यात आनंद नको. तिचा स्वभावच तसा आहे.

दुसरा डोस दिला, जरा सढळ हाताने.

संध्याकाळी भसीन भेटले. तळ्यातलं पाणी हिरवं दिसतंय. चार लोकांत मला विचारलं, पद्माकर जी, आप तो साइंटिस्ट आदमी हैं, बताइए, ये तालाब है या पालक पनीर? लोक हसले. मी हसलो नाही. त्यामुळे मला तलाव समितीचा कन्व्हीनर केलं.

२८ सप्टेंबर, रविवार

तपासाला सुरुवात. तळ्याजवळ गेलं की नाकाला रुमाल लावावा लागतो. तळ्यात कुणीतरी काहीतरी सोडतं आहे, एवढं उघड आहे. हे देशाचंच लक्षण आहे. ज्याने घाण केली तोच नाकाला रुमाल लावून उभा असतो.

पहिला संशय भसीन यांच्या आई. रोज सकाळी कणकेच्या गोळ्या करून माशांना घालतात, पुण्य म्हणून. मी समजावलं. म्हणाल्या, बेटा, तू किसी को खाते हुए नहीं देख सकता?

दुसरा आणि खरा संशय शेजारचे घोषाल. बँकेत आहेत. मिसेस घोषाल रविवारी मासे धुतात आणि ते पाणी मागच्या अंगणात ओततात. रक्ताचं, खवल्यांचं. आमच्या वाफ्याच्या अगदी कडेला! मी आज रेड हँड पकडलं. बाई काहीतरी सांगायला लागल्या, दीदी, दीदी, असं चाललं होतं. मी ऐकून घेतलं नाही. मासळीच्या विषयावर मी चर्चा करत नाही. घोषाल बाबू बाहेर आले आणि विचारलं, तो कहाँ डालें, दादा, अपने सिर पे? मी शांतपणे भिंतीकडे बोट केलं. पलीकडे नाला आहे. जे काय ते तिकडे. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही चूक केली.

नोटीस लावली: कंपाउंडमध्ये मासळीचं पाणी, कणीक, साबण, पिकदाणी यांस सक्त मनाई.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सगळे लाल मासे पाण्यावर उलटे. पांढरी पोटं. वास लिफ्टपर्यंत. नोटीस लावूनही! माळ्याने जाळीने काढले. घोषाल बाल्कनीतून म्हणाले, दादा, हमारी मछली कम से कम खाने के काम तो आती है. लोकांना जिवाचं काही वाटत नाही.

अळूच्या पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी होत आहेत. म्हणजे नत्र कमी पडतं आहे. डोस दुप्पट, पाणीही दुप्पट.

बरणीतली बुरशी आता झाकणाला टेकली. कचरेवाला आज आला नाही. म्हणजे आला होता, पण मी हिरवळीवर होतो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीला मैत्रेयीकडे पुण्याला निघालो. लेक एकटीच, तिने फार आग्रह केला. मला जायची तशी गरज वाटत नव्हती. दिल्लीत दिवाळी छान असते. रिकामं घर असलं तरी छान असते.

१० नोव्हेंबर, सोमवार

परतलो. तळं निवळलं! तळाची फरशी दिसते, कुणाची तरी हरवलेली चप्पल दिसते. माझ्या नोटिशीचा परिणाम. शिस्त लावली की लागते. भसीन यांना तसं सांगितलं. ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले.

अळूला एक कोवळं पान फुटलं आहे, पण अगदी फिकं. मी नसल्याने हयगय झाली. लगेच डोस दिला.

मैत्रेयीने तिकडे माझ्यासाठी अळूची पातळ भाजी केली होती. बाजारातलं अळू. जेवताना म्हणाली, बाबा, आईसारखी नाही ना झाली? मी म्हणालो, छान आहे. म्हणाली, खोटं बोलू नका, तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही. ही मुलगी फार बारीक बघते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तळं पुन्हा हिरवं. वर साय आल्यासारखा थर, काठीला चिकटून लोंबतो. मी परत यायची वाटच बघत होते लोक.

समितीच्या मीटिंगमध्ये भसीन म्हणाले, कमाल है पद्माकर जी, आप पुणे में थे तो पानी साफ, आप आए तो फिर पालक. सगळे हसले. घोषाल इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. मिनिट्समध्ये लिहिलं: तपास योग्य दिशेने चालू आहे.

२१ डिसेंबर, रविवार

कडाक्याची थंडी. धुकं इतकं की समोरचा ब्लॉक दिसत नाही. अळू आडवं झालं. सगळं. पानं उकडल्यासारखी लोळागोळा.

इंदुमतीच्या काळात हिवाळ्यातही ते उभं असायचं. तेव्हा हिवाळे सौम्य होते, हे कारण. शिवाय ती रात्रीची भांडी गरम पाण्याने धुवायची, ते पाणी वाफ्यात जायचं. पण त्याचा काही संबंध असेल असं वाटत नाही.

वैजयंतीने फोनवर विचारलं. मी सांगितलं, विश्रांती घेतंय. ती म्हणाली, कोण, तुम्ही की अळू?

११ जानेवारी १९९८, रविवार

वाफ्यावर प्लॅस्टिकचा तंबू उभारला आणि आत बल्ब लावून ठेवला. अशी पद्धत परदेशात आहे. रात्री दंव गळून बल्ब फुटला, फ्यूज उडाला, अख्खा ब्लॉक अंधारात. भसीन मफलर गुंडाळून आले. तंबू पाहिला. आत वाकून पाहिलं. इसमें कौन है, असं विचारलं. मी म्हणालो, अळू. त्यांना अळू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, भाभीजी का था न? मग मफलर सारखा करून गेले. मला असली सहानुभूती आवडत नाही. फ्यूजबद्दल बोलायचं तर बोलावं.

२५ जानेवारी, रविवार

तळं बुजवायचा ठराव पास झाला. तिथे पार्किंग होणार. सोसायटीत महिन्यामहिन्याला नवी गाडी येते, मासे कुणाला हवेत? तलाव समिती आपोआप बरखास्त. कार्य समाधानकारक झाल्याची नोंद मी स्वतः केली.

वाफा उकरून पाहिला. कंद सडले आहेत. माती वर कडक, पांढरट. एकही गांडूळ नाही. इंदुमतीने खुरपं घातलं की चार-पाच वळवळत बाहेर यायची आणि खिडकीतून बघूनही मला शिसारी यायची. आता काहीही वळवळत नाही. ही सुधारणाच म्हणायला हवी.

पोतं संपलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आयएनए मार्केट, करोल बाग, पहाडगंज. सगळीकडे नाही. करोल बागचा भाजीवाला म्हणाला, बाबूजी, अरबी के पत्ते फरवरी में? पालक ले जाओ. पालक हा शब्द मला आता सहन होत नाही. येताना बसमध्ये शेजारच्याने सगळं नाक माझ्या बाहीजवळ शिंकरलं. हे शहर राहण्यालायक उरलेलं नाही.

परवा श्राद्ध. पानात अळू नसलं म्हणून काही बिघडत नाही. इंदुमती विज्ञान न मानणारी नव्हती. तिने समजून घेतलं असतं. बहुतेक ती काही बोललीच नसती. ती बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी फक्त भाजीत मीठ कमी असायचं.

उद्या वैजयंती आणि मैत्रेयी येणार. अळू आहे असं दोघींना सांगून बसलो आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहितो, कारण कुणाशी बोलण्यासारखं नाही.

सकाळी मोकळ्या वाफ्यापाशी उभा होतो. मिसेस घोषाल मागच्या दाराशी मासे धूत होत्या. माझ्याकडे पाहिलं. मग परातीसकट उठल्या आणि भिंतीकडे या म्हणून खूण केली. मी नको म्हणालो. त्यांनी आपलं प्लॅस्टिकचं स्टूल भिंतीला लावलं आणि परत खूण केली. चढलो.

खाली नाला. काळं पाणी, वर थंडीची वाफ. वास असा की डोळे मिटले. उघडले तर नाल्याच्या काठाला अळू. कमरेइतकं. छत्रीएवढी पानं, त्यांवर दवाचे थेंब. दिल्लीत, फेब्रुवारीत. ऑगस्टमध्ये मी वर्तमानपत्रात धरून जे फेकलं होतं तेच. दुसरं कोण फेकणार?

मिसेस घोषाल यांनी परातीतलं पाणी माझ्या बाजूने सरळ अळूवर ओतलं. रक्त, खवले, सगळं. मी म्हणालो, यह क्या कर रही हैं? त्या म्हणाल्या, जो दीदी के टाइम से करती हूँ. मग त्यांच्या हिंदीत सगळं सांगितलं. दीदीच म्हणायची, मछली का पानी फेंको मत, मेरे पौधे को दो. दर रविवारी. दीदी त्या बदल्यात पानं द्यायची, घोषाल बाबूंना माशाच्या डोक्याबरोबर ती फार आवडतात. आणि हेही सांगायची, साहब को मत बोलना, खाना छोड़ देंगे. मी मनाई केल्यावर बाई रागावल्या होत्या. पण नवऱ्याने मी दाखवलं होतं तसं भिंतीपलीकडेच ओतायला सांगितलं, म्हणून तिकडे ओतत गेल्या. त्याच जागी, दर रविवारी. पानं फुटली तेव्हा त्या मला सांगायला आल्या होत्या. मी दार लावून घेतलं होतं.

म्हणजे इतकी वर्षं. श्रावण, चातुर्मास, पितृपक्ष. मी ज्या भाजीला सात्त्विक म्हणायचो ती. घोषालांकडच्या रोहू माशाच्या रक्तावर! घरात येऊन तोंड धुतलं. परत धुतलं. गेल्या वर्षांतलं काही धुऊन निघत नाही.

निर्णय: हे अळू श्राद्धाच्या पानात येणार नाही. शक्यच नाही.

दुपारी वैजयंती आणि मैत्रेयी पोचल्या. मी पाइपपासून सगळं सांगितलं. वैजयंती ऐकत होती. मग म्हणाली, मासळीच्या पाण्याचं मला माहीत होतं, भावोजी. ताईनेच सांगितलं होतं. तुम्ही पाइप तोडलात तेवढं मात्र माहीत नव्हतं. मैत्रेयी म्हणाली, मलाही माहीत होतं. म्हणजे मी सोडून सगळ्यांना.

मी विचारलं, श्राद्धाला चालेल का हे? वैजयंती म्हणाली, श्राद्ध कुणाचं आहे, भावोजी? ताईचं ना? तिला चालत होतं. तुमचं असेल तेव्हा पालक करू.

मैत्रेयी आत जाऊन सुरी शोधायला लागली. मी सांगितलं, तू नाल्यात उतरायचं नाही. मी उतरतो. निर्णय बदलला असं नाही. पोरीचा पाय घसरला असता.

भिंतीला वळसा घालून गेलो. बूट घोट्याच्या वर बुडाले. वास लिहीत नाही. पानं कापताना चीक हाताला लागला, रात्रीपर्यंत खाजत आहे. वर भिंतीवरून घोषाल बाबू बघत होते. म्हणाले, दादा, डंठल भी ले लीजिए, असली स्वाद उसी में है. मी देठंही घेतली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

श्राद्ध झालं. गुरुजी वेळेवर आले, हे विशेष.

सकाळी ओट्यावर गेलो तर बरणी दिसली नाही. वैजयंतीने चोथा वाफ्यात उपडा केला होता, बरणी घासून उन्हात ठेवली होती. मी म्हणालो, विचारायला हवं होतंस. ती म्हणाली, हो, हवं होतं. आणि मिरच्या मोडत राहिली. मी बाहेर जाऊन पाहिलं. चोथा पांढऱ्या मातीवर पडला होता. खुरप्याने थोडा आत ढकलला. उन्हात नुसता वाळून गेला असता म्हणून.

प्लंबरला निरोप दिला आहे. गटाराचा सांधा गळतो आहे असं वाटतं. तो काढून पाइप तात्पुरता वाफ्याकडे वळवावा लागेल. घोषालांना सांगितलं, की तलाव समितीच बरखास्त झाल्याने मनाई आपोआप रद्द होते. भिंतीपर्यंत चालत जायची गरज नाही. ते म्हणाले, थैंक यू, कन्व्हीनर साहब. वैजयंतीने त्यांच्याकडे वाटीभर भाजी दिली.

पान वाढलं. मी ठरवलं होतं, अळूला नुसतं बोट लावायचं, नैवेद्यापुरतं. दाणे, हरभऱ्याची डाळ, मुळ्याचे तुकडे. तिच्याच पद्धतीने. मैत्रेयी समोर बसून बघत होती, म्हणून एक घास घेतला. मग भात कालवला. मग वैजयंती पातेलं घेऊन आली आणि मी नको म्हणालो नाही. ती तिसऱ्यांदा आली तेव्हाही नाही.

घसा खवखवला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. रुमाल सदऱ्यात नव्हता. वैजयंती पातेलं हातात धरून उभी राहिली. हलक्या आवाजात विचारलं, चिंच कमी पडली का हो, भावोजी?

मी हो म्हणालो.

चिंच भरपूर होती.